पान त्रेचाळीसवरचं गम्बो

प्रेरी लाँग, लुइझियाना
४ जून १९९१

प्रिय जोनेल,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पाकिटावर ह्यूस्टनचा शिक्का बघून वाटलं, ओडील गेली. पाकीट तसंच ओट्यावर ठेवलं, बाहेर जाऊन कपडे वाळत घातले आणि मग फोडलं. ती आहे हे वाचून बरं वाटलं. कशी आहे ते वाचून नाही.

तू लिहितेस की तुझी आई आता माणसं ओळखत नाही, दिवसभर खिडकीशी बसते, आणि दोन महिन्यांत खाणं जवळजवळ सुटलं आहे. काहीही पुढे ठेवलं तरी एक चमचा घेते, वाडगा सरकवते आणि म्हणते, "गम्बो." म्हणून तू आमच्या चर्चच्या बायकांनी छापलेलं पाककृतींचं पुस्तक काढलंस. पान त्रेचाळीस, 'मिसेस अर्लीन विद्रीन यांचं कोंबडी-भेंडीचं गम्बो'. ओडीलनं स्वतः कधी काही लिहून ठेवलं नाही, तुला ती चुलीपाशी उभीही करायची नाही, शाळेच्या अभ्यासाला पिटाळायची. आणि आम्ही दोघी शाळेच्या स्वयंपाकघरात सतरा वर्षं शेजारी उभ्या राहिलो, तेव्हा चव सारखी असेल असा तू विचार केलास. सगळं पुस्तकाबरहुकूम केलंस. तिनं एक चमचा घेतला आणि म्हणाली, "हे नाही."

माझ्या मते तुझा रू चुकला. तेलात मैदा भाजताना लोक तांब्याच्या नाण्याचा रंग आला की थांबतात. आपण थांबत नाही. काळ्या कॉफीचा रंग येईपर्यंत, मंद आचेवर, पाऊण तास, आणि हात थांबता कामा नये. एकदा माझी नणंद मागच्या पायरीवरून पडली, हाका मारायला लागली. मी खिडकीतून सांगितलं, "रू गॅसवर आहे, जरा पडून राहा." ती राहिली. तीही इथलीच आहे, तिला कळतं.

बिडाचं भांडं घे. ह्यूस्टनच्या पाण्याचं मात्र मला काही सांगता येत नाही. आणि टोमॅटो घालू नकोस. तू विचारलेलं नाहीस, तरी सांगते, कारण तुझी आई मूळची न्यू ऑर्लिन्सची, आणि तुमच्या गल्लीत तिकडचे पुष्कळ क्रिओल असतील. ते लोक गम्बोत टोमॅटो घालतात आणि वर आम्हा गावाकडच्या केजन लोकांना अडाणी म्हणतात. आमच्याकडे त्याला भातावर घ्यायचं दाट गम्बो म्हणत नाहीत, शेवयांवर ओतायचा रस्सा म्हणतात.

बाकी पुस्तकात आहे ते बरोबर आहे. माझ्या आजीची पद्धत आहे ती.

ओडीलला माझी आठवण सांग. म्हणजे, तिला आठवत असेल तर.

तुझी,
मिस अर्लीन


२२ जून १९९१

प्रिय जोनेल,

रू काळा जमला, पण तिनं पुन्हा "हे नाही" म्हटलं. चार दिवसांत एक उकडलेलं अंडं आणि थोडं दूध. वाचून मी तशीच खाटकाकडे गेले.

सोबत धुरावलेलं सॉसेज पाठवते आहे. आमच्या खाटकाकडचंच आहे. ह्यूस्टनला मिळतं त्यात धुराचा फक्त रंग असतो.

'आजीची पद्धत' असं मी लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. बाप आणि चार भाऊ, सगळे घेवडा आणि भात खाऊन वाढले, कारण मला तेवढंच येत होतं. लग्न झाल्यावर सासूनं एकदा माझं गम्बो खाल्लं आणि त्यानंतर रविवारी जेवायला येताना स्वतःचं भांडं घेऊन यायला लागली. तेव्हा जे काही मला येतं ते मी शाळेच्या स्वयंपाकघरात शिकले, आणि त्यात तुझ्या आईचा हात आहे. ती पाककृती दोघींची म्हण हवं तर.

गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा ज्या वर्षी एक झाली, त्या वर्षी ओडील आमच्याकडे आली. पहिल्याच दिवशी माझ्या भांड्यात डोकावली. मी म्हटलं, "तुम्हा शहरातल्यांना रू जमत नाही म्हणे."

ती म्हणाली, "आणि तुम्हा गावातल्यांना दुसरं काही जमत नाही म्हणे."

"तुमच्याकडे खेकडा, कोळंबी, कोंबडी, हॅम, सगळं एकाच भांड्यात. गम्बो आहे की लग्नाचं वऱ्हाड?"

"आणि तुमच्याकडे एक कोंबडी, तीही चालत निघून गेल्यासारखी."

मुख्य स्वयंपाकीण ओरडली तेव्हा कुठे आम्ही कामाला लागलो. पण त्या दिवसापासून आमचं ओटा-शेजार जमलं. तुझ्या आईच्या तोंडाला लागायला मला आवडायचं. मला वाटतं तिलाही.

या वेळी भेंडी वेगळी शिजव. चकत्या करून, तेलात, बारीक आचेवर, तार पूर्ण जाईपर्यंत. दोन तास लागले तर लागू देत. तुझी आई जुलैत भेंडी अशीच शिजवून बरण्यांत भरून ठेवायची, तुला आठवत असेल. ती तपकिरी व्हायला हवी.

एवढं करून बघ. मला वाटतं जमेल.

मिस अर्लीन


९ जुलै १९९१

जोनेल,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं आहे. चौथं पाठवणार आहे, कसंही झालं तरी.

डॉक्टर पोटात नळी घालायची म्हणतात, आणि तू तीन आठवडे मागून घेतले आहेस. तिचं वजन अठ्ठ्याऐंशी पौंड. तू सरळ विचारलंस: "मिस अर्लीन, तिकडच्या बायका पाककृती देताना एखादी गोष्ट गाळतात हे मला माहीत आहे. तुम्ही काही गाळलं आहे का?"

हो. टोमॅटो.

आणि ती पाककृती माझी नाही. दोघींचीही नाही. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत ओडीलची आहे. मला रू सोडला तर त्यात माझं म्हणून काही दाखवता येणार नाही, आणि रूसुद्धा किती काळा करायचा ते तिनंच मला सांगितलं होतं. ती तो इथल्यासारखा करायला शिकली, भेंडी तिच्या गावाकडच्यासारखी केली आणि दोन्ही एकत्र आणलं. तसं गम्बो इथे कुणी करत नव्हतं, आणि तिकडेही करत नसणार.

भेंडीच्या बरण्या तपकिरी असायच्या, कारण त्यात टोमॅटो असायचा. भेंडी अर्धी शिजली की ती सोललेले टोमॅटो हातानं कुस्करून टाकायची, आणि मग टोमॅटो दिसेनासा होईपर्यंत परतत राहायची. लाल रंग जाऊन तपकिरी उरायचा. तुझ्या वडिलांसाठी हे सगळं. विल्बर्ट लेमेल शहरातला नव्हे, इथलाच, चार पिढ्यांचा क्रिओल, आणि टोमॅटोच्या बाबतीत आम्हा केजनांपेक्षा कडक. लग्नात त्यानं तिला सांगितलं होतं म्हणे, "माझ्या घरात तुझे संत असू देत, तुझी गाणी असू देत, गम्बोत टोमॅटो नको." तिनं बावीस वर्षं त्याला टोमॅटो घातलेलं गम्बो खाऊ घातलं. तो मरेपर्यंत सगळ्यांना सांगायचा की मी शहरातली बायको केली आणि तिला वळण लावलं. हे फक्त मला माहीत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तिला टोमॅटो कुस्करताना बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "अर्लीन, तू आंधळी आहेस." मी म्हटलं, "ठार आंधळी."

मग एकोणऐंशी साली चर्चनं पुस्तक काढायचं ठरवलं. हेझेल ब्रासो कमिटीची अध्यक्ष. प्रत्येक बाईनं दोन पाककृती द्यायच्या, खाली नाव छापणार. माझ्याकडे नाव छापण्यासारखं काहीही नव्हतं. सगळ्या बायका 'माझ्या आईचं', 'माझ्या सासूचं' म्हणत कागद देत होत्या. मी ओडीलचं गम्बो लिहून दिलं. टोमॅटो काढून टाकला, कारण टोमॅटोवर माझं नाव? त्यापेक्षा दारूच्या गुत्त्यावर छापलेलं परवडलं असतं.

मी स्वतःची समजूत अशी घातली की ते पुस्तक रेल्वेच्या रुळांच्या अलीकडच्या, गोऱ्यांच्या चर्चचं आहे, तुमचं चर्च पलीकडचं; तिकडच्या एकाही बाईला कुणी पाककृती मागितली नव्हती. ओडीलचं नाव तसंही छापलं गेलं नसतं, मग कुणाचं तरी जाऊ दे. हे वाक्य मला बारा वर्षं पुरलं. आत्ता कागदावर बघते आहे तर वाचवत नाही.

अजून आहे. जत्रेत पुस्तकं विकायला मी बसले होते. तुझी आई आली, एक पुस्तक घेतलं, उभ्या उभ्या चाळलं, आणि त्रेचाळिसाव्या पानावर थांबली. बोट ठेवून सगळं वाचलं. बाजूला हेझेल होती, दहा-बारा बायका होत्या. हेझेल म्हणाली, "ओडील, तू न्यू ऑर्लिन्सची. तू तर गम्बोत टोमॅटो घालत असशील!" सगळ्या हसल्या. ओडील म्हणाली, "अर्लीनला विचारा. ती माझ्या शेजारी उभी असते."

ती माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं ते मला कळत होतं. एवढंच की मी म्हणावं, ही या गावातली सगळ्यात चांगली स्वयंपाकीण आहे, विषय संपवा. पाककृतीबद्दल मी काही बोलावं असंही नाही.

मी म्हटलं, "घालते की! मी वाढताना गाळणीतून गाळून देते, नाहीतर पोरं घरी जाऊन तक्रार करतील."

केवढ्या हसल्या सगळ्या. मी सगळ्यात मोठ्यानं हसले.

सोमवारी ती कामावर आली आणि म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिसेस विद्रीन." त्या दिवसापर्यंत मी अर्लीन होते. पुढची आठ वर्षं, एकाच ओट्यावर, मी मिसेस विद्रीन. सत्त्याऐंशी साली ती तुझ्याकडे राहायला निघाली तेव्हा मी निरोप द्यायला आले नाही. तुला सांगितलं असेल, गुडघा दुखत होता. गुडघा बरा होता.

आणि त्या पानामुळे मी दहा वर्षं गम्बो स्पर्धांची परीक्षक होते. एकदा गावातल्या एका पोरसवदा सुनेच्या भांड्यात टोमॅटोचं साल सापडलं म्हणून मी तिला बाद केलं. घरी जाऊन मी स्वतः टोमॅटो घातलेलं गम्बो खाल्लं.

आता कृती. भेंडी दोन पौंड. टोमॅटो सहा, पूर्ण पिकलेले, सोललेले, हातानं कुस्करून, सुरीनं नाही. थोडा व्हिनेगर. झाकण न ठेवता तीन तास. लाल दिसलं तर अजून झालं नाही.

टोमॅटो घालू नकोस असं मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं. ओडील उपाशी आहे हे वाचून झाल्यावर लिहिलं. याबद्दल काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

अर्लीन विद्रीन


१९ जुलै १९९१

जोनेल,

तुझं पत्र चार ओळींचं, आणि त्यात लहानपणापासूनचं आदराचं 'मिस' नाही. बरोबर आहे.

भेंडी तळाला लागली, टोमॅटो लालच राहिला, आणि या वेळी तुझ्या आईनं चमचाभर गिळलं आणि दुसरा तोंडाशी नेऊन खाली ठेवला. 'तुम्ही या आणि करा. मला लिहून नको आहे,' असं तू म्हणतेस. गुरुवारच्या बसनं येते. संध्याकाळी सहाला पोचेन. घ्यायला येऊ नकोस, मी टॅक्सी करेन. भेंडी आणि टोमॅटो माझ्या परसातले आणते आहे. भांडंही आणते.

काल मी हेझेल ब्रासोकडे गेले होते. ती आता ऐंशीची आहे, कमिटी अजून तिच्याच हातात. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. मी तिला सगळं सांगितलं. पान त्रेचाळीस माझं नाही, ओडील लेमेलचं आहे, तिचं नाव घाल आणि कृती पूर्ण छाप.

हेझेलनं जुनं पुस्तक काढून पान त्रेचाळीस उघडलं. मग म्हणाली, "पूर्ण म्हणजे?"

"म्हणजे टोमॅटोसकट."

"अर्लीन! आपल्या पुस्तकात?"

मी म्हटलं, "मी बारा वर्षं चोरी केली, हेझेल, आणि तुला टोमॅटोचं पडलंय?"

"चोरीचं काय, गं," ती म्हणाली, "त्या पुस्तकातलं अर्धं कुणाचं ना कुणाचं आहेच. पण टोमॅटो लोक वाचतील ना."

नाव घालायचं की नाही ते कमिटी ठरवेल म्हणाली. मी सांगितलं, नाहीतर ते पान काढा. पुढच्या रविवारी मी प्रार्थनेनंतर उभी राहून सांगणार आहे. कमिटीनं काहीही ठरवू दे. आधी तुझ्याकडे येऊन जाते, मग सांगते. गाव मला काय म्हणेल याची मला भीती वाटते. खोटं कशाला सांगू. ओडीलसमोर उभं राहायची त्याहून जास्त वाटते. तिनं मला ओळखलं नाही तर मला बरं वाटेल, हेही मला माहीत आहे.

अर्लीन


३ ऑगस्ट १९९१

जोनेल,

काल तुझा फोन आला. ती तुझ्या हातचंही खाते आहे, सकाळी आणि रात्री, आणि डॉक्टरांनी नळीचं पुढे ढकललं आहे. फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून रडले. शेजारीण विचारायला आली, तिला सांगितलं कांदा चिरते आहे. समोर कांदा नव्हता.

प्रार्थनेनंतर उभी राहिले होते. सांगून झालं. कोण काय म्हणालं ते लिहिण्यासारखं नाही. दोघी-तिघी आता बोलत नाहीत. बाद केलेली ती सून मात्र बाहेर पायऱ्यांवर थांबली होती. तिनं विचारलं, "सहा टोमॅटो की आठ?" मी सहा सांगितले.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्या शुक्रवारी तू कामावरून आलीस, रिकामा वाडगा बघितलास आणि मला मिठी मारलीस. विचारलंस, "काही बोलली का?" मी म्हटलं, "नाही. नुसतं खाल्लं." ते खोटं होतं. तुला खोटं लिहिणं पुष्कळ झालं, आता तोंडावर बोललेलंही दुरुस्त करते.

तू सकाळी गेलीस तेव्हा ओडील खिडकीशी होती. मी आत भेंडी टाकली. माझ्याकडे ती बघत नव्हती, मीही बोलायला गेले नाही. तासाभरानं झाकण ठेवलं, कारण गॅसजवळ उभं राहून पाठ भरून आली होती. मागून आवाज आला, "झाकण काढ. वाफेचं पाणी पडतं." ती दारात उभी होती, एका हातानं चौकट धरून.

मी काढलं. टोमॅटो कुस्करायला घेतले तशी ती घाबरून मागे बघायला लागली. "दार लाव गं. विल्बर्ट आला तर?"

"तो शेतावर गेलाय," मी म्हटलं.

"मग हात चालव."

ती स्टुलावर बसली. तीन तास बसून राहिली. मध्ये दोनदा "लाल आहे अजून" म्हणाली. तू म्हणाली होतीस की ती कुठे एका जागी पाच मिनिटं टिकत नाही. मग मी वाढलं. तिनं एक चमचा घेतला, आणि वाडगा सरकवला नाही. ती खात राहिली. मी ओट्याला पाठ लावून उभी होते.

अर्धा वाडगा झाल्यावर ती म्हणाली, "चांगलं झालंय. कुणाकडे शिकलीस?"

"तुझ्याकडे."

"मी कुणाला शिकवत नाही. पोरीलासुद्धा नाही, तिला चूल नको. फक्त त्या अर्लीनला. ती चोरून बघायची माझ्या हाताकडे. मी जरा बाजूला सरकून उभी राहायचे, तिला नीट दिसावं म्हणून."

मला वाटलं तिथेच थांबावं. पण मी म्हटलं, "तिनं तुझं गम्बो स्वतःच्या नावानं छापलं, ओडील."

"वाचलं ना मी. टोमॅटो खाऊन टाकला होता बयेनं." आणि ती हसली, पूर्वीसारखी, खांदे हलवत.

"मग काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? लहानपणी आई गेलेली. तिचं स्वतःचं गम्बो कधी खाल्लंयस? भांडी विसळलेलं पाणी. म्हटलं, घेऊ दे एवढं. माझ्याकडे दुसरं पुष्कळ आहे." चमचा तिनं वाडग्याच्या काठावर ठेवला. "हसायला नको होतं तिनं."

मी विचारलं, "कुणी?" जसं काही मला माहीत नव्हतं.

"अर्लीननं. त्या सगळ्या हसल्या तर हसल्या. ती माझी होती." मग वाडगा माझ्यापुढे केला. "अजून घाल. आणि तिला सांगू नकोस मी असं म्हटलं ते. तिला वाईट वाटेल."

मी घातलं. तिनं सगळं खाल्लं. मी कोण हे मी तिला सांगितलं नाही. सांगता आलं असतं. तिनं मान वर करून माझ्याकडे सरळ बघितलंसुद्धा, आणि मी वळून भांडं घासायला लागले.

पुढच्या गुरुवारी येऊ का? तू हो म्हणालीस तर या वेळी गॅस लावायच्या आधी तिला माझं नाव सांगेन. ती उठून गेली, तर जाऊ दे. गम्बो तू कर.

अर्लीन